आगाऊ निषेध

राळेगावच्या बाजूला, पक्क्या सडकेपासून थोडं आत मुनाफ मिस्त्रीचं गाव. गावात मुसलमानाचं घर एकच, आणि त्या घरात आता माणूसही एकच. बायको अल्लाला प्यारी झाली, पोरगा तौसीफ पुसदला मोबाइलच्या दुकानात लागला. दर शुक्रवारी पोराचा फोन यायचा, "अब्बा, किती बार बोलू? इधर आ जाओ ना, अपने लोगों में." आणि मुनाफ दर वेळी फणकारायचा, "इधर क्या जंगल में रहता मैं?"

खोटं नव्हतं ते. फवारणीचे दिवस आले की अख्ख्या गावाचे पंप त्याच्या दारात. कुणाचं नोझल चोंदलेलं, कुणाचा वायसर गेलेला, कुणाची बॅटरी मेलेली. दिवसभर ही खटपट, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन मथुराबाईच्या टपरीपुढचं बाकडं. शेजारी गोविंदा. दोघं एका वर्गात नापास झालेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. त्या बाकड्यावर चहा पिता पिता पराटीवरच्या कापसाच्या बोंडापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळ्यांची बिनपाण्यानं हजामत व्हायची. मुनाफचा चोवीस तासांतला बोलण्याचा वेळ काय तो तेवढाच. घरी गेल्यावर भिंतींशी बोलणार का बापडा?

मग मागच्या उन्हाळ्यात तिकडं काश्मिरात फिरायला गेलेल्या लोकांना गोळ्या घातल्या, आणि इकडं त्या बाकड्यावरचं बोलणं आटलं. कुणी वाईट-वंगाळ बोललं नाही हो. बोलले असते तर परवडलं असतं, शिवीला उत्तर तरी देता येतं. मुनाफ आला की गोविंदा मोबाइलात डोकं घालायचा. बाकी लोक घरी काम असल्यासारखे उठायचे. मथुराबाई चहा द्यायची, पण "साखर बरोबर हाय ना, मुनाफभाऊ?" हे विचारायचं विसरायची. टीव्हीवर त्या मेलेल्या नवऱ्याशेजारी बसलेली पोरगी पाहून मुनाफ घरात ओक्साबोक्शी रडला होता. पण ते पाहिलं कुणी? एकट्यानं रडलेलं गावाच्या कानावर जात नाही.

पुढं चौकात मेणबत्त्या लावून श्रद्धांजली झाली. जुने सरपंच नानाजी गोडीनंच म्हणाले, "मिस्त्री, तुमीबी दोन शब्द बोला." मुनाफ बोलला. मारणाऱ्यांचा निषेध केला. दुसऱ्या दिवशी गोविंदा बाकड्यावर सरकून म्हणाला, "बस ना बे, उभा काहून?"

त्या "बस ना बे"नं मुनाफला गहिवरून आलं. आणि त्यानं कानाला खडा लावला. आपलं चुकलं, आपल्याला उशीर झाला, पहिल्याच दिवशी बोललो असतो तर एवढे दिवस तोंड शिवून बसावं लागलं नसतं. आता बघा, गोळ्या कुणी झाडल्या, माणसं कुणाची मेली, आणि चूक कुणाची निघाली? नोझल साफ करणाऱ्या मुनाफची! पण हे त्याला कोण सांगणार? सांगायला माणूस हवा, आणि माणसं टिकावीत म्हणूनच तर त्याचा सगळा आटापिटा.

पोळा तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव बसलं होतं, तोरण कुठं बांधायचं, वाजंत्री कोणती आणायची, मानाची जोडी कुणाची, असल्या बाता चाललेल्या. मुनाफ घरी रॉकेलनं हात पुसत होता. मोबाइल वाजला. कुठल्याशा मोठ्या शहरातली बातमी. भर बाजारात स्फोट, अनेक ठार.

खाली आणखी काय लिहिलंय ते वाचायलाही तो थांबला नाही. हातपाय धुतले, धुतलेला पांढरा सदरा अंगात घातला आणि निघाला. वाटेत ओठ हलत होते. या वेळी कुणी बोल म्हणायची वाट पाहायची नाही, कुणाचं डोकं मोबाइलात जायच्या आत आपण उभं राहायचं.

पारापुढं येऊन त्यानं हात वर केला.

"बोला मिस्त्री," नानाजी हसत म्हणाले, "औंदा पोळ्याच्या झडत्या तुमी म्हन्ता का?"

लोक खुशीत हसले. पण मुनाफ हसला नाही. हात जोडून म्हणाला, "मी या स्फोटाचा निषेध करतो. ज्यायनं हे पाप केलं, ते मुसलमान नाईत, मानसंच नाईत. त्यायले भर चौकात फाशी द्या. माहा बाप या मातीत गाडला हाय, मीबी इथंच जानार. माहा त्या लोकायशी काई संबंध नाई."

"कोनता स्फोट बा?" मागून कुणीतरी विचारलं.

मोबाइल निघाले. नानाजींचा पुतण्या प्रफुल्ल बी.एड. करून घरची शेती पाहणारा, त्यानं मोठ्यानं वाचलं, "हॉटेलातल्या गॅस सिलिंडरचा स्फोट. भटारखान्यात गळती झाल्याचं पोलिसांनी सांगितलं."

मग काय विचारता! सगळा पार हसून हसून लोळायला आला. "मिस्त्री, सिलिंडरले फाशी देता का?" "निदान शेगडीले त जन्मठेप द्या!" तिकडं माणसं होरपळून मेली होती, पण हसू आवरेना. आणि मुनाफसुद्धा हसला. सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसत, मान हलवत, सगळ्यांच्या बरोबरीनं हसला. त्या हसण्याइतकं लाजिरवाणं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

हसू ओसरलं तसा प्रफुल्ल म्हणाला, "पन काका, तुमाले काहून वाटलं का तुमचेच असतीन?"

पोराच्या मनात खोट नव्हती, त्याला खरंच प्रश्न पडला होता. पण सगळ्यांच्या माना मुनाफकडं वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या.

"जाऊ द्या ना," नानाजी म्हणाले. "तोरनाचं बोला."

मुनाफ निघाला. थोड्या वेळानं मागून चपलांची फटफट आली. गोविंदा होता. मुनाफच्या जिवात जीव आला. आता हा एक शब्द बोलेल, 'तुले कायले बोला लागते बे?' एवढंच. एवढं बोलला असता तर मुनाफनं पुसदचं नाव कधी काढलं नसतं.

गोविंदानं खांद्यावर हात टाकला. "मनाले नको लावून घेऊ. हासले, खतम."

"मांगच्या टायमाले उशीर झालता ना," मुनाफ म्हणाला. "म्हनून या खेपेस आधी बोललो."

"ते बी खरं हाय," गोविंदा म्हणाला. मुनाफचं दार आलं, तेव्हा गोविंदा थांबला आणि अगदी मायेनं, आतडं पिळवटून म्हणाला, "हे पाह्य मुनाफ, या खेपेस तुमचं काई निंघालं नाई, सुटलो म्हन. पुढच्या टायमाले घाई करू नको. आधी मले विचार. मी बातमी पाहतो, तुमचं असलं त तुले सांगतो. मंग बोल."

इतक्या मायेनं बोलणारं दुसरं कुणी त्याला या गावात नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

"उद्या ये बाकड्यावर. वाट पाहतो."

"येतो ना."

गोविंदा वळणाआड होईस्तोवर मुनाफ दारात उभा होता. मग आत जाऊन त्यानं पुसदला फोन लावला. तौसीफ घाबरला, वार शुक्रवार नव्हता. "अब्बा, क्या हुआ? तबीयत?"

"कुछ नहीं रे. एक खोली देख मेरे वास्ते."

तिकडून पोरगा घाईघाईनं म्हणाला, "कल ही आऊं क्या लेने को?"

"नक्को," मुनाफ म्हणाला. "फवारणी निपट जाने दे. अभी आया तो लोगों के पंप अटक जाते."