आकृती तीन-आ

धाकटा साडू विभागप्रमुख झाला. पण असं काही झालंच नाही, असं थोरल्या साडूने ठरवल्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

तर, कुणीही विभागप्रमुख नसलेल्या त्या विभागात दोघे साडू शेजारी शेजारी बसायचे. बायका सख्ख्या बहिणी. सासू एकच, आणि तिच्याकडचा कौतुकाचा साठा मर्यादित. काम पुस्तिकांचं. हा मथळा, हा परिच्छेद, ही आकृती, अशा खुणा मजकुरात घालायच्या. मग यंत्र आकृत्यांना आपोआप क्रमांक देतं.

त्या आठवड्यात कार्यालयाचीच सुरक्षा-पुस्तिका आली. त्यात 'आपला विभाग' ही आकृती तीन. धाकट्याने ती नियमाप्रमाणे बांधली: बाहेर एक मोठी चौकट, तिच्याखाली नावाची एक ओळ, आत दोन छोट्या चौकटी, प्रत्येकीत एक फोटो आणि त्याखाली त्याची स्वतःची ओळ. तीन-अ: विभागप्रमुख. तीन-आ: साहाय्यक.

"मी आ?" थोरल्याने विचारलं.

"अहो भाऊ, आकृती एक, फोटो दोन. कुणीतरी आ होणारच."

"लग्न आधी माझं झालंय."

"यंत्राला लग्नपत्रिका द्यायची राहिली बघा."

हा विनोद रविवारी सासूबाईंपर्यंत पोचला. "बाई गं, किती हजरजबाबी!" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. थोरल्याने विनोद केला की त्या फक्त 'बरं वाटत नाहीये का?' विचारत.

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर थोरल्याने वाटणी केली. आपली छोटी चौकट उचलली आणि मोठीच्या बाहेर, खाली ठेवली. एकत्र कुटुंब मोडून वेगळी चूल. आकृती चार: साहाय्यक. एकटा, ऐसपैस. जीव थंडावला.

पुढच्या आकृत्या यंत्राने इमानेइतबारे एकेक घर सरकवल्या. पण आगीच्या पानावरचं वाक्य गेल्या वर्षी थोरल्यानेच लिहिलेलं, आणि आकृतीशी दुवा जोडायचा कंटाळा करून आकडा हाताने टाकलेला: 'आग लागल्यास आकृती ४ मध्ये दाखवलेली वस्तू जोरात दाबावी.' हाताने टाकलेला आकडा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आधी तिथे लाल बटण होतं. आता थोरला होता.

मंगळवारी पुस्तिका वाटल्या. बुधवारी आगीची तालीम. एकोणचाळीस माणसं पुस्तिका हातात धरून, शिस्तीत रांग लावून, थोरल्याला दाबून गेली. कुणी खांदा, कुणी गाल. टपालवाल्या बाईंनी नाक दाबलं, काही वाजेना म्हणून पुन्हा दाबलं.

"अहो बाई, मी बटण नाहीये!"

"पुस्तिकेत आहात," बाई म्हणाल्या.

"चूक कोणाची?" साहेब गरजले. थोरला मान खाली घालून पुस्तिका चाळू लागला. धाकटा पुढे झाला.

"माझी, साहेब. तपासायचं राहिलं." मग हळूच, "नाक फार दुखतंय का, भाऊ?"

चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. आता हे सासूबाईंना कळणार, आणि धाकट्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करण्यात निदान सहा रविवार जाणार. सुजलं नाक सांभाळत थोरल्याने कागद ओढला.

'प्रति, आस्थापना विभाग. विषय: साडूच्या बदलीबाबत. महोदय, सदर कर्मचारी कामात चोख व स्वभावाने उत्तम असून त्याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही, हीच माझी तक्रार आहे. तरी त्याची आमच्या सासरवाडीतून अन्य कोणत्याही रिक्त सासरवाडीत, सपत्नीक, तातडीने बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती.'