डावा फ्लिपर

मित्रांनो, मी एक जुना गेम आहे आणि आज मी रागात आहे. गोड बोलणं जमणार नाही.

'वीरखड्ग' नावाची तलवारबाजीची गेममालिका एके काळी फार गाजली. माझे चार थोरले भाऊ तिच्यातले. त्यांच्यात नायक धावतो, वार करतो, रक्त उडतं. मी पाचवा. कंपनीने त्याच नायकाला एका लोखंडी गोळ्यात कोंबलं, खाली दोन फळ्या लावल्या आणि मला पिनबॉल म्हणून बाजारात सोडलं. त्या फळ्यांना फ्लिपर म्हणतात. डावं बटण दाबलं की डावा उडतो, उजवं दाबलं की उजवा. गोळा खाली खड्ड्यात पडू द्यायचा नाही. संपलं माझं शास्त्र. तलवार नाही म्हणून पोरं मला परत करायची.

बेळगावच्या खडेबाजारात एका दुकानात, हातात मावणाऱ्या यंत्रासकट, मी धूळ खात होतो. तिथे निपाणीचे महावीर दहा वर्षांच्या कुमारला घेऊन आले. कुमारला माझा थोरला भाऊ हवा होता. पण जैन घर. पडद्यावर मारलं तरी मनाने मारलंच, असं महावीर मानत. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यात कोण मरतंय काय?"

"न्हाय आप्पा," कुमार म्हणाला. "गोळा लागला की राक्षसाचा उजेड होतोय."

"मग जीव कुठं जातोय त्याचा?"

"पुढच्या डावाला परत येतोय."

"मग घे."

दोन वर्षं खेळून कुमारने मला ट्रंकेत टाकलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलं मोठी होतात.

तक्रार पुढची आहे.

गेल्या वर्षी कुमारच्या आईला, राजमतींना, अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात मांडीवर नुसता पडून राही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला. "ह्यो चेंडू काय बोलतोय व्हय माझ्यासंगं?" म्हणत राजमतींनी तो भिरकावला. मग एकदा ट्रंकेत मी सापडलो. नवे सेल घातले गेले. त्यांनी उजव्या हाताने आपला डावा अंगठा उचलला आणि माझ्या बटणावर ठेवला.

पहिला दिवस: चाळीस गुण. गोळा सरळ खड्ड्यात.

विसावा दिवस: सहाशे.

तिसरा महिना: अंगठा आपणहून उठला. चौदा हजार.

कौतुक झालं. औषधाचं झालं, डॉक्टरांचं झालं, महावीरांनी केलेल्या उपवासांचं झालं. आणि रोज दोन-दोन तास दात आवळून बसणाऱ्या त्या बाईचं? मित्रांनो, त्यांचं—

टिल्ट.

(यंत्र फार गदगदा हलवलं की पिनबॉल गोठतो, फ्लिपर लुळे पडतात. त्याला टिल्ट म्हणतात. रागाने माझी गोष्टही तशीच गोठते. थांबा जरा.)

हं. पुढे.

कुमारचं लग्न जमत होतं. चिकोडीहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. आठ दिवस आधीच महावीरांनी मला राजमतींच्या हातातून काढून घेतलं.

"साठीची बाई गेम खेळतीया म्हटल्यावर पाव्हणे काय म्हणतील?"

"ते आठ दिसांनी येणार न्हवं? आजच का?"

"सवय मोडू दे जरा."

आणि ज्याच्यासाठी मला आणलं तो कुमार म्हणाला, "आई, त्या दिवशी डावा हात पदराखाली ठेव. फोटोत बरं दिसतंय."

कपाटाचं दार लागलं. सवय मोडू दे. अंगठा हलणं म्हणजे व्यसन आहे? सारा जन्म तंबाखूच्या वखारीत काढलेल्या माणसाने—

टिल्ट.

पाहुणे आले. मुलगी अनुराधा आणि तिचे आईवडील. कपाटात मला सगळं ऐकू येत होतं. पोहे झाले, घराची तारीफ झाली. मग अनुराधाच्या आईने विचारलं, "वहिनी, पदर एवढा आवळून का बसलाय? हात दुखतोय?"

"जरा लचकलाय," महावीर घाईने म्हणाले.

मग राजमतींचा आवाज आला.

"लचकला न्हाय. लकवा मारलाय. कुमार, कपाटातला गेम आण."

"आई, मागनं देतो की."

"मागनं कुणाला दाखवू? घर बघायला आलेत. घरातलं समदं बघू दे."

दार उघडलं. त्यांनी मला सर्वांसमोर मांडीवर घेतलं. अंगठा बटणावर ठेवला. पण आठ दिवसांत तो आखडला होता. उशिरा दाबला गेला. गोळा पडला, दुसरा पडला, तिसराही पडला.

दोनशे दहा.

"आधी किती व्हायचं?" महावीरांनी हळू विचारलं.

"चौदा हजार. इचारलं कधी?"

अनुराधा उठून राजमतींच्या डाव्या बाजूला येऊन बसली, पडदा दिसेल अशी.

मित्रांनो, मला जपा, पुसून कपाटात मांडा, असं मी म्हणणार नाही. फुटलो तरी चालेल. पण ज्या हातात जीव परत येतो आहे, त्या हातातली वस्तू लोकलाजेपायी काढून घेऊ नका. मरू दे ती लाज.

लग्नाचं काय ठरलं ते मला विचारू नका. मला सवड नाही. राजमतींनी पुन्हा डाव सुरू केला आहे, आणि तीनशे चाळीस झालेत.