हातांनी दिलेली हाक

“आधी हाक मार. कोण आलीस, कुणाची आहेस, कशाला आलीस ते सांग. न सांगता कुणाच्या घरात शिरतात का?”

थोरल्या आईचा तो दरडावणीचा सूर लोर्नाच्या कानात अजून जसाच्या तसा होता. हाक मात्र आठवत नव्हती. संस्थेच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटासमोर ती किल्ली हातात घेऊन उभी होती. हाक आत, रेकॉर्डरमध्ये होती. थोरली आई जाऊन चारच महिने झाले होते. रिवाजाप्रमाणे सुतक फिटेपर्यंत तिचं नाव घ्यायचं नव्हतं, फोटो पालथे घातले होते; आवाज तर ऐकायचाच नव्हता.

बाहेरून सिरिलनं हॉर्न वाजवला.

“ताई, निघायचं ना? की कपाटाशीच लग्न लावतेस?”

“मला हाक येत नाही, सिरिल.”

त्याचं हसू मावळलं. “दोन वर्षं तिच्यामागे यंत्र घेऊन हिंडत होतीस की!”

“म्हणून तर.”

चहाचा काळा डबा विस्तवावर चढवत थोरली आई म्हणायची, “यंत्राला पाठ झालं. तुझं काय?” लोर्ना हसायची. राखेत भाजलेली रोटी मोडून खात दोघी पाण्याकडे बघत बसायच्या. तिथंच तिनं लोर्नाकडून वचन घेतलं होतं. वारे तापायच्या आधी चित्रांच्या गुहेभोवतीचं काटेरी गवत हलक्या आगीनं जाळायचं. नाही जाळलं, तर उन्हाळ्यातला वणवा आत शिरेल आणि पणज्यांनी गेरूनं काढलेली चित्रं खडकासकट तडकून पडतील.

वारे दोन-चार दिवसांवर आले होते. आणि तिथल्या पूर्वजांना हाक दिल्याशिवाय तिथं पाऊल टाकायचं नसतं.

ती थोरल्या आईच्या बहिणीकडे, धाकट्या आईकडे गेली. नोला अंगणात घोंगडीवर बसली होती. बहिणीच्या सुतकात तिनं बोलणं सोडलं होतं. जे सांगायचं ते हातांनी. लोर्नानं किल्ली तिच्यापुढे ठेवली.

“एकदाच ऐकू दे, आई. तू हो म्हणालीस तर कुणी काही बोलणार नाही.”

नोलानं तळहात आडवा फिरवला. नाही.

“मग तू चल. तू दे हाक.”

नोलानं ओठांवर बोट ठेवलं.

“झाली पंचाईत,” सिरिल पुटपुटला. “एकीचा आवाज कपाटात, दुसरीचा पोटात.”

नोलानं चिमूटभर माती त्याच्या अंगावर भिरकावली. मग हात झटकले, छातीला लावले, पाणवठ्याच्या दिशेला नेले. बोटं संथ पाण्यासारखी हलली.

“मी आले... या पाण्याची लेक,” लोर्ना हळूच म्हणाली.

नोलानं मान हलवली. पुन्हा तेच, जोरात.

लोर्नानं आवाज चढवला. हातांमागून शब्द येत गेले: कोण, कुणाची, कशाला. एका जागी नोलाचे हात हवेतच थबकले. तिथं बहिणीचं नाव यायचं. लोर्नाही तेवढा श्वास थांबली. मग हात पुढे सरकले.

तीनदा झालं तसं नोलानं किल्ली उचलून झग्याच्या खिशात टाकली आणि डोळे मिटून घेतले.

लोर्नानं काडेपेटी चाचपली. सिरिलनं गाडी सुरू केली. शेजारी बसलेली लोर्ना ओठांतल्या ओठांत हाक घोळवत होती, आणि त्या रिकाम्या जागी दर वेळी थांबत होती.