भिंतीला घातलेलं गाऱ्हाणं

सगुणच्या गाड्यावरचं रस-ऑम्लेट, म्हणजे गरम रश्शात बुडवलेलं ऑम्लेट, खायला मोरजीहून माणसं येत, पण सगुणचा आवाज अर्ध्या गावाने ऐकला नव्हता. चार माणसं एकदम बघू लागली की त्याची जीभ टाळूला चिकटे. स्वतःच्या लग्नात तो बायकोऐवजी भटजींचं नाव घेऊन मोकळा झाला होता.

आता त्याला ग्रामसभेत बोलायचं होतं. गाड्यासमोर हॉटेल काढलेल्या रघुनाथची तक्रार होती, की गाड्यामुळे आपली पाटी झाकली जाते. सगुण बोलला नाही तर गाडा उठणार.

"तूच बोल गो," तो बायकोला, शेवंतीला म्हणाला.

"लायसन तुमच्या नावार, मगे तोंड माझां कित्याक?"

रविवारी सरपंच सुलोचनाबाईंनी त्याला पुकारलं. सगुण पुढे गेला, सभागृहभर डोळे बघितले आणि सरळ पाठ फिरवली. समोर भिंत, भिंतीवर बंद पंखा. गावाकडे पाठ करून गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं कसं घालतात, हे त्याने देवळात ऐकलं होतं. तेच तोंडातून सुटलं.

"बा देवा म्हाराजा," तो पंख्याला म्हणाला, "आज ह्यो तुझो गाव जमलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सभागृह गरजलं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला हेच म्हणायची सवयच ती.

सगुणला चेव आला. "ह्यो गाडो जंय आसा थंयच ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज रघुनाथचा.

"एकमताने मंजूर," सरपंचबाई म्हणाल्या.

रघुनाथ भानावर आला. "ह्यां चालूचां नाय! गाऱ्हाण्याक नाय कोण म्हणतलो? सगुणा, हकडे तोंड कर नि सांग, गाडो थंयच कित्याक होयो?"

बोलणं खोटं नव्हतं. ऑम्लेट उलटण्याआधी कडा सोडवतात, तसा सगुण हळूहळू वळला. समोर बिनमिरचीवाले मास्तर बसले होते. त्यांच्यामागे कांदा वेगळा मागणारी प्रिया, आणि जास्तीचा रस फुकट मागणारा गौरेश. सगळी त्याचीच गिऱ्हाइकं, आज नुसती ओळीत बसलेली.

"शेवटची बस थंय येता," तो म्हणाला. आवाज फाटला, पण निघाला. "तेच्या आदीं तुझां हॉटेल बंद. भुकेल्या माणसान काय तुझी पाटी वाचून पोट भरूचां, दादा?"

सभागृह हशाने फुटलं. या वेळी कोणी गरजलं नाही. हात वर झाले, गौरेशचे तर दोन्ही.

गाडा राहिला. सगुण मात्र खाली बसेना.

शेवंतीने सदरा ओढला. "चला आतां, रस तापवूचो आसा."

"थांब गो," सगुण म्हणाला, "गटाराचो विषय ऱ्हवलो."