कानाचं औषध

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे 'होहो' म्हणायचे. काहीही सांगा, ती हो म्हणायची. दुसरीतच शाळा सुटलेली. न कळलेल्या गोष्टीला हो म्हटलं की सुटका होते, एवढं मात्र तिथे शिकली होती.

तिचा चार वर्षांचा बाळ्या कानाने बेजार. कान वाहायचा, ऐकू कमी यायचं, ताप चढायचा, दवाखान्यातून औषध यायचं. तिसऱ्या दिवशी स्वारी उड्या मारू लागली की औषध बंद. महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लॉन्ड्रीच्या मालकिणीने दुपारच्या सुट्टीत बायकांना वाचायला शिकवायचा चंग बांधला. होहो सवयीने हो म्हणाली आणि अडकली. पण सहा महिन्यांत ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत घरी येऊ लागली.

एकदा फडताळ आवरताना दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या हाती लागल्या. बोट ठेवून तिने एक वाचली. मग दुसरी. मग सगळ्या. प्रत्येकीवर नर्सबाईंच्या ठसठशीत अक्षरात तेच: 'सात दिवस द्या. बरं वाटलं तरी थांबवू नका.'

बाळ्याचं औषध तर दरवेळी तिसऱ्याच दिवशी बंद व्हायचं.

पुढच्या वेळी कान वाहिला तेव्हा ती नर्सबाईंना म्हणाली, "तुम्ही दरवेळी लिहिलंत. मला वाचता येत नव्हतं."

"अगं, मी तोंडानेही सांगायचे. तू हो म्हणायचीस."

"घाईत सांगायचात. परत विचारायची लाज वाटायची."

नर्सबाईंनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. "बस. माझंही चुकलंच. आता सावकाश सांगते, मग तू मला सांग."

तिने सगळं न चुकता सांगितलं, वर तीन प्रश्नही विचारले.

चौथ्या दिवशी बाळ्या अंगणभर धावू लागला. सासूबाई म्हणाल्या, "पोर ठणठणीत आहे, आता कशाला ते कडू?"

"नाही, आई. सात दिवस द्यायचंय." सासूला नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती.

सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि पदर खोचला. "मग दे. मी धरते त्याला. हा काही सुखासुखी गिळायचा नाही."

कान वाळला, तो पुन्हा वाहिला नाही. बाळ्याची तक्रार आता एकच: आई हळू बोलली तरी ऐकू येतं, त्यामुळे 'मला ऐकूच आलं नाही' ही सबब चालत नाही.