गाण्यातली रिकामी जागा

झारासच्या जागी आता एक बाई गाणार, हे मला ल्युबानं जिन्यात सांगितलं. मी हातातली बटाट्यांची पिशवी पायरीवर ठेवली आणि म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. शेजारच्या तेमिरताउ गावची आहे, औषधांच्या दुकानात कामाला, तिशीच्या आतबाहेरची, नाव झिबेक. सांगताना ल्युबाचा चेहरा असा खुलला होता, जणू मला डिवचायलाच ही बातमी तिच्याकडे आली होती. माझी शेजारीण आहे, मैत्रीणही आहे, पण मला चिडवल्याशिवाय तिचं जेवण पचत नाही. तू आपली तुझ्या गुडघ्यांकडे बघ, असं तिला म्हटलं आणि तरातरा वर आले. बटाटे जिन्यातच राहिले.

लपवण्यासारखं काही नाही. ‘चौथी पाळी’ हा बँड नसता तर मी केव्हाच वेडी झाले असते. आमच्या करागांदाच्या खाणीत तीन पाळ्या कोळसा काढायच्या आणि चौथी दुरुस्तीची. त्या दुरुस्तीच्या पाळीतल्या चार पोरांनी हा बँड काढला, तेव्हा सोव्हिएत राज्य अजून उभं होतं. राज्य गेलं, पैसा बदलला, झेंडा बदलला, निम्मी खाण बंद पडली, पण हे लोक वाजवतच राहिले. झारास गायचा. रुडी गिटार वाजवायचा, अजून वाजवतो. रुडी जर्मन. त्याची आई, भाऊ, सगळं गणगोत जर्मनीला निघून गेलं, तिकडे घरं केली, गाड्या घेतल्या. हा त्यांना विमानतळावर पोचवून आला आणि संध्याकाळी तालमीला हजर. का नाही गेलास म्हणून विचारलं तर म्हणतो, तिकडे मी कुणाबरोबर वाजवू? अल्माटीवाल्यांनी बोलावलं, मॉस्कोवाल्यांनी बोलावलं. गेले, वाजवलं, टाळ्या घेतल्या आणि परत इथेच आले, आमच्या धुळीत. अशी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

मी तेव्हा खाणीच्या दिवेघरात होते. पाळीवर जाणाऱ्याच्या हाती त्याच्या टोपीचा दिवा द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा, हे माझं काम. त्यांचं ‘वर ये’ हे गाणं मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं, कॅसेटवर. गाणं साधंच आहे. खाली गेलेल्या माणसाला वरून कुणीतरी हाक मारतं, एवढंच. पण झारासनं ते असं म्हटलं होतं की खिडकीशी दिवा घ्यायला आलेला माणूस हात पुढे करायचा विसरायचा. तर त्या गाण्याची मूळ कॅसेट मधेच एका जागी मशीननं खाल्लेली. तेवढी एक ओळ गुदमरून गेली होती, शब्द ऐकूच यायचे नाहीत, नुसते ड्रमचे ठोके. साऱ्या शहरानं त्याच कॅसेटवरून आपापल्या कॅसेटी भरून घेतल्या. म्हणजे सगळं शहर ते गाणं भोकासकट शिकलं.

पुढे कार्यक्रम सुरू झाले. झारास बिचारा स्टेजवरून ती ओळ गायचा, आणि एरवी बेंबीच्या देठापासून ओरडणारे आम्ही तिथे चिडीचूप. तिथे शब्द असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्यानं दोनचारदा गाऊन पाहिलं, वैतागला, माइकवरून आम्हाला शिव्याही घातल्या. शेवटी हरला, आणि त्या ओळीला तोही माइकपासून एक पाऊल मागे सरून गप्प उभा राहायला लागला. आम्ही गाणं मोडलं होतं आणि त्यानं आमचं मोडकं गाणं आपलं मानलं. एवढ्या मोठ्या मनाचा गाणारा कुणी दाखवा मला.

मग खाणीत स्फोट झाला. माझा धाकटा भाऊ तुरार त्यात गेला. सकाळी त्याचा दिवा मीच त्याच्या हाती दिला होता. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात, गाण्यातल्या त्या रिकाम्या जागेत, कुणी काही ठरवलेलं नसताना सगळ्या मैदानानं माना खाली घातल्या. मी मनात म्हटलं, तुरार. शेजारच्या अनोळखी बाईचेही ओठ हलत होते. तेव्हापासून ती जागा आमच्या गेलेल्या माणसांची झाली. आमच्याकडे कब्रस्तानात माणूस वर्षातून एकदा जातो, पण ‘चौथी पाळी’च्या कार्यक्रमाला प्रत्येक वेळी जातो.

या हिवाळ्यात झारास गेला. फुप्फुसांनी दगा दिला, खाणीतल्या माणसाला दुसरं काय होणार. मी मातीला गेले, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही गेले, सगळं रीतसर केलं आणि घरी येऊन त्याची गाणी लावली. लोक म्हणत, बातिमा किती खंबीर आहे. खंबीर कसली, मला ते खरंच वाटत नव्हतं.

वसंतात रुडी माझ्याकडे चहाला आला. एक पेला झाला, दुसरा झाला. मग म्हणाला, “खाण कामगार दिनाला उद्यानात वाजवणार आहोत. नवी मुलगी गाईल. मैदान गायलं तर पुढे चालवू. नाही गायलं तर मी गिटार भिंतीला टांगली.”

“आम्हाला धमकी देतोस?”

“धमकी नाही, बातिमा. माझ्यानं बंद करवत नाही, आणि झारासशिवाय चालूही ठेववत नाही. काय ते तुम्हीच लोकांनी सांगा.”

तो गेल्यावर मला घाम फुटला. कारण पहिली रांग आमची असते, माझी, ल्युबाची आणि दिवेघरातल्या जुन्या बायकांची. आम्ही तोंड उघडलं की मागचं मैदान उघडतं, हे रुडीला पक्कं ठाऊक होतं. बँड संपला तर तुरारला भेटायची माझी ती एक जागा संपत होती. आणि बँड राहावा म्हणून झारासच्या जागी दुसऱ्या कुणाला गाऊ द्यायचं, तर जीव तयार होत नव्हता.

खोट काढायचीच म्हणून मी तालमीला गेले. मुलगी काटकुळी, केस मुलासारखे कापलेले, दुकानातून थेट आलेली, अंगाला औषधांचा वास. मला पाहून उठून उभी राहिली आणि म्हणाली, आपा, बसा. वळण बरं होतं, त्याचाही मला राग आला. मग ती गायली. आवाज जाडसर, खालचा, कडा खरबरीत. झारासची नक्कल करत नव्हती. मी तोंड वाकडं करून बसले होते, पण पायानं ठेका धरलेला माझा मलाच दिसला आणि मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

‘वर ये’ म्हणताना तिनं मधली ती ओळही गायली. रुडी काही बोलला नाही, मीही बोलले नाही. तालमीत झारासही ती गायचा. समोर माणसं नसली की जागा कुणासाठी ठेवायची? आणि कार्यक्रमात तिथे गप्प राहायचं, हे काय कुणाला सांगावं लागतं? आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ते माहीत असतं. ही तेमिरताउची आहे, नंतर निघालेल्या चांगल्या रेकॉर्डवरून गाणी शिकली आहे आणि त्या रेकॉर्डवर ती ओळ स्वच्छ ऐकू येते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

खाण कामगार दिन, ऑगस्टचा शेवटचा रविवार, उजाडला. वारा होता, धूळ होती, दुपारपासूनच उद्यान फुलून गेलं होतं. आम्ही कठड्याला चिकटून उभ्या. पहिल्या गाण्याला मी हाताची घडी घातली. ल्युबा गुणगुणायला लागली तर तिला कोपर मारलं. दुसऱ्या गाण्यालाही मैदान नुसतं बघत होतं. रुडी मान वर न करता वाजवत होता. मुलीच्या कपाळावर घाम दिसत होता, पण आवाज हलला नाही. एवढ्या थंड माणसांसमोर ती पुरा जीव ओतून गात होती, आणि खरं सांगते, तिथे मला तिचं कौतुक वाटलं. तिसऱ्या गाण्याला माझं तोंड कधी उघडलं ते मलाच कळलं नाही. ल्युबानं माझं कोपर मलाच परत केलं आणि तीही सुटली. मग मागून लाट आली. रुडीनं मान वर करून पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

मग ‘वर ये’. पहिलं कडवं सगळ्या मैदानानं म्हटलं. ती जागा आली, आम्ही थांबलो, माना खाली गेल्या. आणि ती गायली.

डोळे मिटून, अगदी मन लावून गात होती ती. पण इकडे कुणीतरी घरात नमाजाला बसलेल्या माणसांमधून बूट घालून चालत जावं तसं झालं. माना वर आल्या. मागे एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, हिला बंद करा. पुढचं कडवं सुरू झालं आणि एकही आवाज उठला नाही. तिनं डोळे उघडले, समोर पाहिलं आणि ओळीच्या मधेच तिचे शब्द गेले. ड्रम थांबला.  रुडीनं गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला घेतला.

मला राग आवरत नव्हता. तिला चार शब्द सुनवावेत म्हणूनच कठड्याला धरून पुढे झाले. ती माझ्याकडेच बघत होती. मैदानात दुसरा ओळखीचा चेहरा नव्हता तिला. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीपेक्षा गोंधळ जास्त होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“पोरी,” मी विचारलं, “तुला कुणी सांगितलंच नाही का?”

“काय, आपा?”

“त्या ओळीला गायचं नसतं. तिथे आमची गेलेली माणसं असतात.”

ती माइक धरूनच ऐकायला वाकली होती, त्यामुळे माझा आवाज माइकमध्ये गेला आणि मैदानभर पसरला.  रुडी अर्धा पट्टा काढलेल्या अवस्थेत म्हणाला, “मी नाही सांगितलं. मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं.”

मुलीनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “किती वेळ गप्प राहायचं?”

दुसरी असती तर रडत आत पळाली असती. हिनं काम विचारलं. मी म्हटलं, ड्रम सांगेल तुला. आणि रुडीकडे बघून म्हटलं, “तो पट्टा घाल आधी. सुरुवातीपासून घे.”

घेतलं त्यांनी. मैदानानं पहिलं कडवं जरा जपूनच म्हटलं. ती जागा आली. मुलगी माइकपासून एक पाऊल मागे सरली, हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मान खाली घातली. मी मनात म्हटलं, तुरार. पण एक डोळा तिच्यावर होता, आणि तिचेही ओठ हलताना मी पाहिले. मग पुढचं कडवं आलं, आणि मैदान असं गायलं की माझ्या छातीत ठोके बसले. मघाचा तो म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं, सगळ्यांत बेसूर गात होता. गाणं संपलं तेव्हा रुडी आमच्याकडे पाठ करून गिटार लावायचं नाटक करत होता.

कार्यक्रमानंतर स्टेजच्या मागे ल्युबानं थर्मासमधला चहा ओतला, तळलेल्या बौरसाकांचा डबा उघडला. मुलगी खोक्यावर बसून दोन्ही हातांनी पेला धरून होती. मला भोचकपणाची सवय आहेच. विचारलं, तुझं कोण गेलंय?

“कुणीच नाही, आपा. आई-वडील आहेत, आजीही आहे अजून.”

“मग ओठ कुणासाठी हलले?”

ती लाजली, थोरल्या भावाचं नाव घ्यावं तसं म्हणाली, “झारास आगांसाठी. मी त्यांना कधी भेटले नाही, पण माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी त्यांना तिथे आणलंच असणार, मी आपली मागे उभी राहीन.”

मी रुडीकडे पाहिलं, रुडीनं माझ्याकडे. आम्ही आणलं नव्हतं. मी नव्हतं आणलं, त्यानंही नव्हतं, आणि ल्युबाचं तोंड पाहून कळलं की तिनंही नाही. आणलं असतं तर तो गेला, हे कबूल करावं लागलं असतं. आयुष्यभर त्याच्यासाठी घसे फोडणारे आम्ही त्याला बाहेरच उभं करून ठेवलं होतं, आणि ही परक्या गावची पोर त्याला हाताला धरून आमच्या माणसांत घेऊन गेली. मला रडू आलं. हिवाळ्यापासून साठलेलं सगळं तिथे त्या खोक्यांमध्ये बाहेर पडलं, आणि ल्युबानं एकदाही चिडवलं नाही.

डोळे पुसून मी मुलीला म्हटलं, “मी गेले की मलाही तिथे नेशील. पण घाई करू नकोस.”

“नेईन, आपा,” ती म्हणाली.

रुडीनं पेला खाली ठेवला आणि तिला पुढच्या तालमीचा वार सांगितला.