शनिवारची गिऱ्हाइकं

कोट शिवणाऱ्या मास्तरांना कुणीही विचारलं, "मग कधी येऊ?" की उत्तर ठरलेलं असे, "शनिवारी या." शनिवार हा त्यांचा ट्रायलचा दिवस. कच्चे टाके घातलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, त्याला आरशासमोर उभं करायचं, खडूने खुणा करायच्या आणि मग पक्की शिलाई घालायची. कपडा अजून बदलता येतो तोवर माणसाला विचारून घ्यावं, इतकी साधी गोष्ट आहे ही. पण तिच्यापायी मास्तरांना आजवर एकही शनिवार मोकळा मिळाला नव्हता, आणि या वर्षी त्यांचा सत्तरावा वाढदिवस नेमका शनिवारीच येत होता.

"बाबांना विचारून तर बघू," धाकटा म्हणाला.

"विचार. काय म्हणतील ते मी आधीच सांगते. 'पुढच्या महिन्यात बघू,'" थोरली म्हणाली. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून यायचा राहिलाय तो पुढचा महिना."

आई भांडी पुसत होती. "मला एकदा तळ्याकाठी राहायचं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, एवढा हंगाम जाऊ दे. हंगाम गेला, मग तुम्ही दोघं झालात, आणि मग मीच विसरले."

तेव्हा न विचारताच न्यायचं ठरलं. शनिवारी सकाळी त्यांना गाडीत बसवायचं आणि तळ्याकाठच्या एका घरात दोन दिवस ठेवायचं. घर शोधण्याचं काम धाकट्याने घेतलं. पिशवी आई भरणार होती. शनिवारच्या गिऱ्हाइकांचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरला.

"ती माझ्यावर सोडा," थोरली म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात फोनवर बसे. लोकांच्या वेळा पुढे ढकलणं आणि ढकललेल्या वेळांवरची लोकांची बोलणी ऐकणं, हेच तिचं रोजचं काम होतं. तिने एकेकाला गाठून बेत सांगितला आणि वर बजावलं, "या शनिवारी येऊ नका. पण बाबांना कारण मात्र तुमचं तुम्ही सांगा, आणि प्रत्येकाने वेगळं सांगा. सगळ्यांनी एकच सांगितलं तर त्यांना संशय येईल."

दवाखान्यात हा हिशेब कधी चुकला नसता. दात काढायचा टाळणाऱ्या माणसाला कारणं सुचवावी लागत नाहीत. पण ही मास्तरांची गिऱ्हाइकं होती. त्यांना मास्तरांकडे यायचंच होतं, आणि ज्याला यायचंच असतं त्याला न येण्याचं कारण धड सुचत नाही.

पहिल्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दुकानाच्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मास्तर, या शनिवारी नको. माझं वजन फार वाढलंय. उतरलं की येईन म्हणते."

मास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. वजन वाढलेलं नव्हतं, उलट खांद्यात थोडं कमीच झालं होतं. पण ते "बरं" म्हणाले.

मग बँकेतला रोखपाल आला. "आमच्याकडे कोट घालायची पद्धतच बंद झाली हो," तो म्हणाला. हे बोलताना त्याच्या अंगात मास्तरांनीच शिवलेला कोट होता. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं, तसा तो घाम पुसत निघून गेला. बसचालकाने तर कमालच केली. "गुडघे फार दुखतात, मास्तर. जिना चढवत नाही." दुकान तळमजल्यावर होतं.

त्यानंतरही एकेक जण येऊन सांगून गेला. मास्तरांनी कुणालाही उलट विचारलं नाही. माणसं खोटं बोलत होती, हे तर आंधळ्यालाही कळलं असतं. प्रश्न होता तो का बोलतात याचा, आणि त्याचं उत्तर त्यांनी आपल्या मनानेच काढलं. इतक्या वर्षांची ओळख. 'मास्तर, तुमचा हात आता बिघडलाय,' हे तोंडावर कोण सांगणार? भली माणसं असं सांगत नाहीत. ती फक्त यायची थांबतात.

त्या संध्याकाळी त्यांनी एक शिवलेली बाही उसवली आणि पुन्हा शिवली. ती घरी नेऊन खिडकीपाशी उजेडात धरली.

"अगं, हा टाका सरळ आहे का?"

आई तेव्हा भरलेली पिशवी पायाने पलंगाखाली सरकवत होती. "असेल की," ती न बघताच म्हणाली.

मास्तरांनी बाहीची घडी घातली आणि दिवसभराचा थकवा आल्यासारखे बसून राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी थोरली दुकानात गेली. बाबांनी उद्या लवकर तयार व्हावं, यासाठी तिने एक निमित्त रचून ठेवलं होतं. आत जाऊन बघते तर शेजारचा मोबाईल दुरुस्त करणारा मास्तरांचीच टेप घेऊन भिंत मोजत होता.

"हे काय?"

"काकांनी जागा मला द्यायचं कबूल केलंय," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यापासून. मला दोन दुकानं एक करायची आहेत."

मास्तर मशीनला तेल घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. "हात चालेनासा झाला की थांबावं. लोकांनी हाकलेपर्यंत कशाला बसायचं?"

"कुणी हाकललं तुम्हाला?"

"उद्याच्या शनिवारी एक माणूस यायचा नाही. एकसुद्धा. पुढचं तूच समज."

आता बेत सांभाळत बसायची वेळ नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं. तळ्याकाठचं घर, आईची पिशवी, गिऱ्हाइकांना शिकवलेल्या थापा, काही म्हणता काही ठेवलं नाही.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हा सगळ्यांची शाळा एकच आहे वाटतं," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून आत्ताच्या आत्ता रचलंस ना हे? बरं रचलंस. जिन्यापेक्षा बरं आहे."

"खरं सांगतेय, बाबा. थांबा, धाकट्यालाच विचारा." तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. "अरे, बाबांना तळ्याचं सांग."

पलीकडून धाकटा अगदी मोकळेपणाने म्हणाला, "कुठलं तळं? बाबा, तळंबिळं काही नाही हं. ताईचं काहीतरी चाललंय. तुम्ही लक्ष देऊ नका."

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. मोबाईलवाल्याने हसू लपवायला तोंड भिंतीकडे फिरवलं.

"गाढवा, मीच सांगितलंय त्यांना," थोरली म्हणाली.

"मला कसं कळणार?" धाकटा म्हणाला. "तूच म्हणालीस ना, मेलो तरी बोलायचं नाही."

पण मास्तरांनी मान हलवली आणि तेलाच्या बुधलीला झाकण लावलं. इतक्या थापांनंतर आलेलं खरंही त्यांना थापच वाटत होतं. नुसत्या बोलण्याने ते पटणार नव्हतं, हे थोरलीने ओळखलं. ती बाहेर रस्त्यावर गेली आणि एकामागून एक फोन करत सुटली. प्रत्येकाला तिने एवढंच सांगितलं, "असाल तसे या. बाबा दुकान बंद करतायत."

सगळ्यांत आधी बसचालक आला, तोही धावत. त्याच्यामागे रोखपाल आणि मुख्याध्यापिका, आणि मग बाकीचे. एवढ्याशा दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"गुडघे बरे दिसतात," मास्तर म्हणाले.

"मास्तर, शपथेवर सांगतो, मला दुसरं काही सुचलंच नाही," बसचालक धापा टाकत म्हणाला.

मुख्याध्यापिका पुढे झाल्या. "आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. तुमच्या लेकीने माझ्याकडून पहिली थाप मारून घेतली, आणि तीही वजनाची."

"त्या थापेवर मी विश्वास ठेवलाच नव्हता, बाई."

"मग दुकान कशाला बंद करता?"

तेवढ्यात रोखपालाने खुंटीवरचा कच्च्या टाक्यांचा कोट स्वतःच काढून अंगावर चढवला. "माझी ट्रायल आज घ्या."

"आधी मी आलोय," बसचालक म्हणाला.

"तुम्ही धावत आलात, मी पत्ते अर्ध्यावर टाकून आलोय. हातात चांगली पानं होती."

दोघांची जुंपली. मुख्याध्यापिकांनी "रांगेत उभे राहा" म्हटलं आणि खरंच रांग लागली. मास्तर रोखपालाच्या मागे उभे राहिले. त्यांनी खांद्याच्या शिवणीवरून सावकाश हात फिरवला. कॉलर मानेला नीट टेकली होती. पाठीवर एकही चुणी नव्हती. ते बराच वेळ बघत राहिले, इतका वेळ की रोखपाल घाबरला.

"बिघडलाय का हो?"

"नाही," मास्तर म्हणाले. "चांगला बसलाय." मग त्यांनी खडू उचलला. त्यांचा आवाजही ताळ्यावर आला. "पोट आत घेऊ नका. तुम्ही रोज जसे असता तसे उभे राहा."

त्या संध्याकाळी सगळ्यांच्या ट्रायल उरकल्या. मोबाईलवाला कोपऱ्यात टेप गुंडाळत उभा होता. मास्तर त्याच्यापाशी गेले. "मी तुला शब्द दिला होता. तो मोडावा लागतोय."

"काका, मघाशी तुमचं तोंड बघून मला भिंत मोजवत नव्हती," तो म्हणाला. "त्या बदल्यात या पँटची लांबी तेवढी कमी करून द्या. दोन वर्षं दुमडून घालतोय."

"दोन वर्षं शेजारी बसून बोलला नाहीस?"

"तुमच्याकडे एवढी गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी ती चौघं निघाली. आश्चर्याचा धक्का बसणार नव्हता, तरी धाकट्याने वाटेत दोनदा रस्ता चुकून थोडाफार दिलाच. आईने तळं बघितलं आणि चपला काढून सरळ पाण्यात पाय बुडवून बसली. मास्तर तिच्याशेजारी बसले.

रविवारी दुपारी थोरली सामान आवरायला लागली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "आणखी एक दिवस राहिलो तर?"

थोरलीने कपडे तसेच हातात धरले. "उद्या नवी माणसं मापं द्यायला यायची आहेत, बाबा. मीच त्यांना सोमवार दिलाय."

"मग कळव त्यांना."

"काय कारण सांगू?"

"खरं सांग. आई पाण्यातून पाय काढायला तयार नाही म्हणावं." ते आईकडे बघत होते. "थांबतील ती. कुठे जाणार आहेत?"